दुसऱ्या कार्डाचा उन्हाळा

यंदाही कूलर लागला. जुन्या ताट्या काढल्या, वाळ्याच्या नव्या बसवल्या, टाकी घासली, आणि पंपाने पहिलं पाणी वर चढवलं तसा तो ओला, मातकट, गोडसर वास घरभर पसरला. लोकांना या वासाने म्हणे सुट्ट्या आठवतात, कैरीचं पन्हं आठवतं, दुपारची झोप आठवते. मला भय आठवतं, आणि ते मृग लागेपर्यंत जात नाही.

मी जन्माची भित्री. उमरेडला माहेरी वीज कडाडली की मला पलंगाखालून ओढून काढावं लागे. आणि लग्न झालं ते रोज विजेशीच व्यवहार करणाऱ्या माणसाशी. प्रभाकर सावनेरकडच्या एका कोळसा खाणीत इलेक्ट्रिकल फोरमन होते. प्रभाकर म्हणजे माझे यजमान. त्यांचं नाव मी तोंडाने कधी घेतलेलं नाही, पण लिहिताना प्रत्येक ओळीत हे म्हणाले, हे हसले असं करत बसले तर वाचणाऱ्याला वाटेल घरात चार-पाच पुरुष आहेत. म्हणून कागदावर तरी प्रभाकर. जमिनीखाली ओल्या अंधारात, मनगटाएवढ्या जाड केबलींच्या सोबतीने दिवस काढणारा हा माणूस. त्यांना विजेचं भय नव्हतं, आदर होता. मला आदर वगैरे काही नाही, नुसतं भय. आपल्याकडे उन्हाळ्यात पेपरच्या आतल्या पानावर एक छोटी बातमी असते, कूलरमध्ये पाणी भरताना शॉक लागून अमक्याचा मृत्यू. नाव बदलतं, वस्ती बदलते, बातमी तीच. मी पेपर उघडला की आधी ती शोधते. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तो आमच्या घरी कूलरच्या टाकीत राहतो.

ज्या उन्हाळ्याबद्दल मला सांगायचं आहे, त्याला दहा-अकरा वर्षं होऊन गेली असतील. त्याच्या आदल्या पावसाळ्यात खाणीत छताचा एक दगड सुटला आणि प्रभाकरांच्या पाठीवर आला. माणूस वाचला. कमरेखालचं सगळं गेलं. चिमटा काढला तरी कळायचं नाही, चटका बसला तरी कळायचं नाही. दवाखान्यातून घरी आले ते चाकाच्या खुर्चीत, आणि पुढचा अख्खा हिवाळा त्यांनी भिंतीकडे तोंड करून काढला. जेवायला काय करू म्हटलं की, "काई नको." मित्र भेटायला आलेत, आत बोलावू का? "काई नको." टीव्ही लावू? "काई नको."

मी शाळेत मराठी शिकवते. शब्दांशी माझा रोजचा संबंध. पण त्या दोन शब्दांइतके भीतीचे शब्द मी कुठल्या धड्यात वाचलेले नाहीत. ज्या माणसाला काहीच नको असतं, तो मनाने कुठल्या वाटेला लागलेला असतो हे मला कळत होतं. तेव्हा मला कूलरचीही भीती उरली नव्हती. शाळेतून घरी येताना फाटकाची कडी उघडायला हात धजत नसे, आत काय पाहावं लागेल म्हणून.

त्यांना भिंतीकडून वळवलं ते आमच्या मुलीने, पल्लवीने. ती तेव्हा इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षाला होती. सुटे भाग गोळा करून तिने स्वतःच्या हाताने एक कॉम्प्युटर जोडला होता. मला सांगताना अभ्यासासाठी म्हणून सांगितलं, खरं तर गेम खेळायला. एक दिवस तिने तो उचलून बाबांच्या खोलीत मांडला, टेबलाला स्टिअरिंग अडकवलं, वेग आणि ब्रेक हाताच्या बोटांनी दाबता येतील असे करून दिले आणि एक गेम लावून दिला. त्यात कोणाला मारायचं नाही की कोणी मरत नाही. मालाचा ट्रक चालवायचा, एवढंच. कुठल्या तरी थंड देशातले घाट, पूल, धुकं, बर्फ. पहिले काही दिवस प्रभाकरांनी त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. मग एकदा मी शाळेतून आले तर पडद्यावर ट्रक एका वळणावर उलटा पडला होता आणि हे त्याला अस्सल खाणीतल्या शिव्या देत होते. ते ऐकून मी स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला धरून रडले.

मग त्यांना अंगणात यावंसं वाटू लागलं. आमचं अंगण म्हणजे नागपूरच्या मानेवाड्याकडची काळी माती. उन्हाळ्यात भेगा, पावसाळ्यात चिखल, चाक दोन्हीत रुतणार. म्हणून फाल्गुनात आम्ही अंगणभर गट्टू बसवून घेतले, सिमेंटचे ते लाल-करडे ठोकळे, भिंतीपासून थेट फाटकापर्यंत. जास्वंदीचं आळं, कपडे धुवायचा दगड, कोपऱ्यातला तो लहानसा खड्डा ज्यात माझे सासरे हयातभर दर उन्हाळ्यात संध्याकाळची बादलीभर पाणी ओतायचे, सगळं एका पातळीत आलं. खुर्ची नुसती पळू लागली. शेजारीपाजारी बघून गेले, छान झालं म्हणाले. मलाही छान वाटलं.

नागपुरात खिडकी आठ महिने माणसांची असते आणि चार महिने कूलरची. प्रभाकरांच्या खोलीला खिडकी एकच. तिच्यातून त्यांना कडुलिंब दिसायचा, त्याच्याखाली उभी राहणारी भाजीची गाडी दिसायची, शाळेतून सुटलेल्या, ओढणीने तोंड गुंडाळून सायकली हाणणाऱ्या मुली दिसायच्या. चैत्रात तिथे कूलर बसला आणि ते सगळं बंद झालं. गारवा आला, उजेड गेला. मला वाटलं झालं, आता हे परत भिंतीकडे वळणार. पण त्यांनी मला हाक मारली आणि त्या घटनेनंतर पहिल्यांदा माझ्याकडे काहीतरी मागितलं.

"समोरचा रस्ता दिसते, बाजूचा नाई दिसत," ते पडद्याकडे बोट दाखवून म्हणाले. "खिडकीतून पाहावंसं वाटते वं. डाव्या अंगाले एक पडदा, उजव्या अंगाले एक. अन् तीन पडदे ओढाचे तर कार्ड दोन लागतीन."

कार्ड म्हणजे ग्राफिक्स कार्ड. कॉम्प्युटरच्या पोटात बसून पडद्यावरचं चित्र रंगवणारा, छातीवर पंखे लावलेला एक लांबट ठोकळा. एक होतंच. त्याच्या जोडीला तसंच दुसरं बसवायचं आणि दोघांनी मिळून ओझं ओढायचं, बैलजोडीसारखं. मी पुरतं ऐकूनही घेतलं नसेल, मान डोलावली. मागणं काय आहे याच्याशी मला देणंघेणं नव्हतं. ते मागत होते.

गंमत अशी की विरोध केला पल्लवीने. तिचं म्हणणं, दोन कार्डांनी चित्र दुप्पट वेगाने धावत नाही, फार तर दीडपट, तेही गेमची मर्जी असली तर. काही गेम दुसऱ्या कार्डाकडे बघतही नाहीत, आणि काहींत चित्र मध्येच आचके देतं. शिवाय एकावर एक बसवली की वरच्या कार्डाला खालच्याचा उष्ण श्वास घ्यावा लागतो. थंड देशात चालतं हे, नागपुरात वैशाखात नाही. वीजपुरवठ्याचा आतला डबाही मोठा लागेल. त्यापेक्षा एकच मोठं कार्ड घ्यावं, हा तिचा सल्ला. ते आमच्या आवाक्यात नव्हतं, विषय तिथे संपला. पण घाई होती, कारण जोडीला हुबेहूब तेच कार्ड लागतं आणि ते बाजारातून निघून चाललं होतं. सीताबर्डीच्या एका दुकानात शेवटचं एक उरलं होतं. दुकानदार ठेवतो म्हणाला, पण किती दिवस ठेवणार?

उष्ण श्वास हे शब्द ऐकले आणि माझं भय जागं झालं. आता मला कॉम्प्युटरमध्येही ब्रह्मराक्षस दिसू लागला. पेट घेतला तर? वायर वितळली तर? मी आणि पल्लवी दाराबाहेर पळू, पण हे? खुर्ची मागे घ्यायची, वळवायची, उंबरठ्याशी टेकवलेल्या फळीवरून उतरवायची, तोवर काय होईल? रोज दुपारी मी या विचाराने त्यांच्या खोलीत डोकावायची आणि काही निमित्त काढायची, ताक हवं का, उशी देऊ का. ते ओळखायचे. एकदा म्हणाले, "आग लागली तर तुले आधी आवाज देईन, भेव नको." मला हसू आलं नाही.

त्यात आणखी भर पडली. पल्लवीने दुसरं कार्ड बसेल का हे मापायला कॅबिनेटची बाजूची पत्री झाकणी काढली आणि प्रभाकरांनी ती परत लावूच दिली नाही, आतलं कार्ड थंड राहतं म्हणाले. ते पाहून मी कूलरच्या हवेची दिशा त्या उघड्या पेटीकडे वळवली. नागपूरच्या माणसाला काहीही गरम दिसलं की तो त्याला कूलरपुढे नेऊन ठेवतो, मग ते मूल असो की मशीन. पल्लवी केवढ्यांदा खेकसली माझ्यावर. ओली हवा आहे ती आई, आतमध्ये गंज चढेल. मी मुकाट्याने दिशा बदलली. पेटी टेबलाखाली, प्रभाकरांच्या डाव्या पायाशी, तशीच उघडी राहिली. खुर्ची टेबलाखाली नीट जावी म्हणून पाय ठेवायच्या पट्ट्या आम्ही वर दुमडायचो. दोन्ही पाय फरशीवर टेकलेले, अनवाणी, कारण चपला निसटायच्या आणि त्या निसटल्याचं त्यांना कळायचं नाही.

दुपारी रस्ता असा ओस पडायचा की लांबून येणाऱ्या स्कूटरचा आवाज गल्लीच्या टोकापासून दारापर्यंत ऐकू यायचा. गच्चीवर कुरडया वाळत होत्या. फ्रिजच्या दाराला त्या दिवसांत हात लावला की मुंग्या यायच्या, म्हणून चपला घालून फ्रिज उघडायचा असं आम्ही ठरवून टाकलं होतं. कोणी पाहुणी आली की मी तिलाही सांगायची, चपला घाला हं. सांगताना मला त्यात काही वावगं वाटायचं नाही. आपल्याकडे किती घरांत असं सांगतात.

अशाच एका दुपारी पल्लवी टेबलाखाली पडलेला पेन काढायला वाकली आणि तशीच थांबली. मग तिने मला हाताने बोलावलं. मी वाकून पाहिलं. प्रभाकरांच्या डाव्या पायाचा अंगठा हलत होता. आत वळायचा, सुटायचा, पुन्हा वळायचा. ते वर घाटातून ट्रक चढवण्यात गुंग होते. आम्ही दोघी टेबलाखाली, एकमेकींचे हात घट्ट धरून.

पुढचे दिवस मी काय काय केलं ते सांगायला लाज वाटत नाही. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, असे आचके कधी कधी येतात, आशा ठेवा पण घाई नको. मी फक्त आशा ठेवा एवढंच ऐकलं. रामटेकला जाऊन आले, भर उन्हात पायऱ्या चढले आणि देवाला साकडं घातलं की तो पाय हलू दे, अजून हलू दे. घरी येऊन पाहिलं तर खेळायला बसल्यावरच हलायचा, एरवी नाही. पलंगावर झोपलेले असताना मी तासन्‌तास पाहत बसायची, काही नाही. मी त्याचा अर्थ लावला तो असा की खेळाने अंगात उत्साह येतो, उत्साहाने रक्त खेळतं, रक्ताने पाय जागा होतोय. बाईमाणसाने विज्ञान सांगू नये म्हणणाऱ्यांना तेवढाच पुरावा. आता दुसरं कार्ड मला औषधासारखं वाटू लागलं. पल्लवीही नरमली. सोमवारी जाऊन घेऊन येऊ असं ठरलं. आणि तरीही मी घाबरलेलीच होते, उलट जास्त. इतके दिवस गेलेलं परत आलंच नव्हतं, म्हणून ते पुन्हा जाण्याची भीती नव्हती. आता ते दारात येऊन उभं होतं आणि परत फिरेल की काय याचीच भीती.

रविवारी दुपारी मी नुकतीच फरशी पुसली होती. ओल्या फरशीने खोली जरा निवते. प्रभाकर खेळत होते, पल्लवी पलंगावर पुस्तक घेऊन पडली होती, मी दाराशी भेंडी चिरत बसले होते. माझं लक्ष भेंडीकडे नव्हतंच. अंगठा वळला. मग बोटं वळली, मग अख्खं पाऊल थरथरलं, कधी नव्हे इतकं. मी ताट सारून धावले, त्या ओल्या फरशीवर बसले आणि तो पाय दोन्ही हातांनी धरला.

मला झटका बसला. मुंग्या नव्हेत, झटका, पार खांद्यापर्यंत. हात कसे सुटले ते माहीत नाही. मी किंचाळले. पल्लवीने उडी मारून मेन स्विच पाडला. कूलर घरघरत थांबला, पडदा काळा झाला, आणि त्या अंधारात प्रभाकर वरून विचारत होते, काय झालं, काय झालं. पाय त्यांचा होता. कळलं मात्र मला होतं.

पुढचं त्यांनीच समजावून सांगितलं, अगदी शांतपणे, नव्या कामगाराला सांगावं तसं. कूलरच्या पंपात ओल शिरली होती आणि करंट गळून कूलरच्या पत्र्यात येत होता. असा वाट चुकलेला करंट जमिनीत जिरावा म्हणून घरभराच्या अर्थिंगच्या तारा एकत्र जोडून अंगणातल्या एका खड्ड्यात उतरवलेल्या असतात. खड्डा ओला असला तर जमीन तो पिऊन टाकते, कोणाला काही होत नाही. म्हणून सासरे उन्हाळाभर तिथे पाणी ओतायचे. तो खड्डा आम्ही गट्टूंखाली बंद केला होता, आणि त्या काळ्या मातीने वाळून तारेचा हात सोडला होता. मग करंटाला जायला जागा उरली नाही. तो जोडलेल्या तारेने उलटा फिरून घरातल्या प्रत्येक पत्र्यात आला. फ्रिजमध्ये आला. झाकणी काढलेल्या त्या पेटीत आला. पेटीच्या उघड्या कडेला डावा अंगठा टेकलेला, उजवं पाऊल ओल्या फरशीवर. एका पायाने आत, दुसऱ्या पायाने बाहेर. कमरेच्या वर आलाच नाही, म्हणून त्यांना कळलं नाही, आणि म्हणूनच ते बोलायला जिवंत होते.

म्हणजे पाय जागा होत नव्हता. आम्ही दोघींनी टेबलाखाली हात धरून जे पाहिलं, ते हे होतं.

"मले वाटलंच होतं," प्रभाकर म्हणाले.

"मग बोलले काहून नाही बाबा?" पल्लवीचा आवाज फाटला होता.

"तुमी दोघी इतक्या खुश दिसून राहिल्या होत्या." ते माझ्याकडे बघत नव्हते. "अन् मलेही वाटे, का खरंच असन."

मला इतका संताप आला की मी तिथून उठून अंगणात गेले आणि भर उन्हात उभी राहिले. ज्या माणसाने हयातभर दुसऱ्यांच्या तारा तपासल्या, त्याने आमच्या तोंडावरचं हसू टिकावं म्हणून स्वतःचा पाय करंटाला लावून ठेवला होता. मला त्यांना हलवून विचारायचं होतं की आम्हाला हसू हवं होतं की तुम्ही. विचारलं नाही. पायाखालचे गट्टू इतके तापले होते की एका जागी उभं राहवत नव्हतं, तरी मी उभी राहिले.

संध्याकाळी शेजारून सब्बल, म्हणजे पहार, आणली. प्रभाकर खुर्चीतून दाखवत होते, मी आणि पल्लवी गट्टू उपसत होतो. खड्डा सापडला तेव्हा आतली माती विटेसारखी कडक. तो आम्ही खोल खणला, त्यात लोणारी कोळसा घातला, मीठ घातलं, पाणी ओतलं. माती चर्र आवाज करत पाणी पीत राहिली. कूलरला नवा पंप आला आणि दाराजवळच्या बोर्डात करंट गळताच अख्ख्या घराची लाइन पाडणारा स्विच बसला. ते सगळं करवून घेताना प्रभाकरांचा आवाज पूर्वीच्या फोरमनचा होता. काम संपलं आणि तो आवाजही संपला.

"ते दुसरं कार्ड नको," ते म्हणाले. "कॉम्प्युटरही घेऊन जा पल्लवीच्या खोलीत." आणि मग, मी काही बोलायच्या आत, "काई नको आता."

मी सगळ्या गोष्टींना घाबरते हे एव्हाना वाचणाऱ्याला कळलंच असेल. कूलरला, आगीला, विजेला, आशेला. पण त्या संध्याकाळी ओल्या मातीच्या वासात ते दोन शब्द परत ऐकले, आणि बाकीची सगळी भयं लहान झाली. पाय गेले तेव्हा माणूस उरला होता. आता तोही चालला होता, आणि याला स्विच कुठला पाडायचा ते कोणी सांगणार नव्हतं.

आता दोन कार्डं कोणी लावत नाही. पल्लवी पुण्याहून फोनवर हसते, म्हणते ती पद्धतच मेली आई, एकच कार्ड एवढं ताकदीचं निघतं की जोडीचं नाव कोणी काढत नाही. शेवटी तिचंच खरं ठरलं. प्रभाकर आता दुसऱ्याच मशीनवर खेळतात, कुठल्या कुठल्या पोरांशी कानाला हेडफोन लावून वाद घालतात, आणि मी चहा नेऊन दिला की हाताने थांब म्हणतात, जसा काही मोठा कारभार चाललाय. फ्रिज मी अनवाणी उघडते. आणि रोज सकाळी अंगणातल्या त्या चौकोनात बादलीभर पाणी ओतते, पावसाळ्यातसुद्धा. लोक हसतात. हसू देत.

त्या वर्षी मात्र, त्यांनी नको म्हटल्यावर, सीताबर्डीला मी एकटीच गेले. नवतपा लागला होता, उन्हाळ्यातले सगळ्यात तापणारे नऊ दिवस. ओढणीने डोकं-तोंड गुंडाळून, ऊन लागू नये म्हणून पर्समध्ये कांदा टाकून बसने गेले. दुकानदार म्हणाला, मॅडम, आज विकणारच होतो. डबा छातीशी धरून परत आले तेव्हा घामाने पुठ्ठा ओला झाला होता. प्रभाकरांच्या पलंगावर मी तो ठेवला. त्यांनी डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काहून आणलं? नको म्हनलं होतं ना."

"तुमाले नसन पाहाचं तर नका पाहू," मी म्हटलं. "मले पाहाचं आहे खिडकीतून."

मग त्यांनी डबा जवळ ओढला आणि पुठ्ठ्याची चिकटपट्टी नखाने सोडवायला लागले.

बसवलं त्यांनीच. पल्लवीने आणखी दोन जुने पडदे कुठून तरी मिळवले, वीजपुरवठ्याचा डबा बदलला, झाकणी लावून स्क्रू आवळले, पेटी टेबलावर उंच ठेवली. बाबांच्या खुर्चीखाली रबराची जाड चटई आली, पाय पट्ट्यांवर चढले, पट्टे आवळले गेले. नवा स्विच त्यांनी मुद्दाम पाडून पाहिला, पुन्हा पाहिला. तरी चालू करायचं बटण पल्लवीने चपला घालूनच दाबलं. दोन्ही कार्डांचे पंखे एकदम फिरले, कूलरला मागे टाकतील इतक्या आवाजाने. तिन्ही पडदे उजळले. डाव्या बाजूला देवदारांचं रान, उजव्या बाजूला खोल दरी, आणि त्या कोंदट, बंद खिडकीच्या खोलीत एकदम केवढा तरी मोकळा उजेड.

"ये वं, बस," प्रभाकर म्हणाले.

मी त्यांच्या खुर्चीशी खाली बसले. ट्रक निघाला. चित्र मधूनमधून अडखळत होतं, पल्लवीने सांगितलं होतं तस्संच, पण ते ट्रक हाकत राहिले. घाट उतरला तसे ते हसले. "पाहा वं, नदी. इकडच्या खिडकीतून पाहा."

मी नदी पाहिली नाही. जो पाय हलावा म्हणून मी देवाला साकडं घातलं होतं, त्या पायावर डोळे रोखून मी बसले होते, आणि मनात एकच घोकत होते, हलू नको, हलू नको. तो हलला नाही. मी देवाचे आभार मानले, आणि मग पदर तोंडात धरून रडले.